पाच आठवड्यांची लेक, तिन्हीसांजेचं रडणं आणि वाटी बसवणाऱ्या मावशी

चकली | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. एका हातात लेक आहे, तेव्हा शुद्धलेखनाला माफी असावी.

लेक पाच आठवड्यांची. संध्याकाळी साडेसहाला सुरू होते ती थेट दहा-साडेदहापर्यंत. साधं रडणं नाही. मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. पाजलं, ढेकर काढली, दुपटं बदललं, पंखा वाढवला, पंखा बंद केला. मग कधीतरी आपोआप थांबते आणि जणू काही झालंच नाही अशी झोपते. सकाळी पाहाल तर हीच का ती, असं वाटेल.

डॉक्टरांकडे दोनदा नेऊन आणलं. जन्माचं वजन २ किलो ९००, आता ३ किलो ७५०. ते म्हणाले, कॉलिक आहे, म्हणजे धडधाकट बाळाचं न आवरणारं रडणं, तीन-चार महिन्यांत जाईल, काही करायचं नाही. हे "काही करायचं नाही" एकदा आमच्या घरात येऊन ऐकवा!

सासूबाईंच्या मते बाळाची वाटी सरकली आहे. वाईजवळच्या गावात एक मावशी आहेत, त्या बेंबीभोवती अंगठ्याने दाबून वाटी बसवतात. नणंद मेलबर्नला असते. तिच्या मैत्रिणीच्या बाळाला म्हणे कायरोप्रॅक्टरने (हाताने पाठीचे मणके दाबून उपचार करणाऱ्याने) दोन बैठकांत बरं केलं, तर पुण्यात तसं कुणी आहे का बघ, असा तिचा रोज फोन. नवरा दोघींनाही "हो हो" म्हणतो.

हाताने केलेल्या अशा उपचारांनी कुणाच्या बाळाला खरंच फरक पडलाय का? काही धोका?

आंबट_गोड | सोमवार, रात्री ११:५९

आधी एक मोठ्ठी मिठी. माझा आता अडीच वर्षांचा आहे. त्या दिवसांत मी सोसायटीत लोकांची नजर चुकवून जिन्याने ये-जा करायचे. खालच्या काकूंनी तर एकदा "बाळाला मारता का गं?" म्हणून विचारलं होतं.

आम्ही काय नाही केलं! मीठ-मोहरी, बेंबीवर हिंग, तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी. मिक्सरच्या आवाजाने तो गप्प बसतो असा शोध लागल्यावर रोज रात्री नऊला आमच्याकडे चटणी. फ्रिजमध्ये सात डबे झाले होते. शेवटी अकराव्या आठवड्यात मालिशवाल्या बाईंनी पोटाला वेगळ्या पद्धतीने मालिश केली आणि चार दिवसांत रडणं थांबलं. आता कुणी काही म्हणो, माझा अनुभव हा असा.

आजोळ | मंगळवार, पहाटे ५:२०

चकली, बाळ, आधी तू जेवतेस का वेळेवर ते सांग.

मी रत्नागिरीची, वय ७१. तीन मुलं आणि पाच नातवंडं पायांवर घेऊन न्हाऊ घातली. माझ्या थोरल्याच्या वेळी जी बाई यायची तिचे हात मला अजून आठवतात. खरखरीत, पण हलके. आल्याबरोबर तेलाला हात लावायची नाही. पाच मिनिटं मूल नुसतं मांडीवर घेऊन बसायची. "आधी त्याची नि माझी वळख होऊ दे," म्हणायची. आणि मूल रडत असेल तर मालिश करायचीच नाही, चहा पिऊन परत यायची. आम्हाला वाटायचं, चहासाठीच करते.

वाटी बसवताना मी पाहिलंय, पण मोठ्या माणसांची. विहिरीवरून हंडे आणले, जड उचललं, की वाटी सरकली म्हणत. तान्ह्याची बसवलेली आमच्या आळीत तरी पाहिली नाही. नुकती सुकलेली बेंबी, तिथे अंगठा कशाला घालायचा?

पुरावा_द्या | मंगळवार, सकाळी ९:०५

हातांनी केलेल्या उपचारांच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) २०१२ साली घेतला. सहा चाचण्या, मिळून ३२५ बाळं. सगळं एकत्र केलं तर रडणं दिवसाला सरासरी १ तास १२ मिनिटांनी कमी झालेलं दिसतं. उपचार विकणारे इथपर्यंतच वाचतात. त्याच आढाव्यात पुढे असं आहे की ज्या चाचण्यांत आपल्या बाळाला उपचार मिळाला की नाही हे आईबापांना कळू दिलं नव्हतं, तेवढ्याच घेतल्या तर भरवशाचा फरक उरत नाही. रडण्याची नोंदवही आईबापच भरतात, हे लक्षात घ्या. शंभर डॉलर मोजून आलेला बाप वहीत काय लिहील?

नॉर्वेतली २००१ ची चाचणी मला सगळ्यात आवडते. ८६ बाळं. सगळ्यांना एका खोलीत नेलं, आईबाप बाहेर. आत ४६ बाळांच्या पाठीच्या कण्यावर कायरोप्रॅक्टरने बोटांनी उपचार केले, बाकीच्या ४० जणांना नर्सने दहा मिनिटं नुसतं धरून ठेवलं. उपचारवाल्यांत ४६ पैकी ३२ बाळांना थोडाफार तरी आराम पडला. नुसतं धरलेल्यांत ४० पैकी २४. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच आहे.

@आंबट_गोड, तुमच्या बाई अकराव्या आठवड्याऐवजी पाचव्या आठवड्यात आल्या असत्या तर?

आंबट_गोड | मंगळवार, सकाळी ९:१७

तर तेव्हा नसतं थांबलं, हे तुम्हाला कसं माहीत? 🙂

पुरावा_द्या | मंगळवार, सकाळी ९:३०

मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तर दोन गट करावे लागतात. रडण्याचा आलेख सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखरावर असतो आणि मग उतरतो. घाटमाथ्यावर जो भेटेल तो तुम्हाला उताराला लावून दिल्याचं श्रेय घेणार. हलके घ्या.

यारा_काठची | मंगळवार, सकाळी ९:४८

नणंदेची ती मैत्रीण मी नव्हे, पण असू शकले असते. मेलबर्नमध्येच राहते. २०१७ मध्ये माझा मुलगा सहा आठवड्यांचा असताना मी एका कायरोप्रॅक्टरकडे गेले होते. नाव-गाव सांगत नाही. खोलीत लव्हेंडरचा वास, भिंतीवर मणक्यांचं चित्र. त्याने बाळाच्या मानेपाशी बोटाचं टोक टेकवलं, फार तर पिकलेल्या टोमॅटोवर टेकवावं तेवढं. म्हणाला, जन्माच्या वेळी मानेचा वरचा मणका किंचित हलला आहे, बारा बैठका लागतील. आम्ही पाच केल्या. तिसरीनंतर मला बरं वाटलं. मला, म्हणते आहे, बाळाला नव्हे. कुणीतरी पाऊण तास माझं ऐकून घेतलं होतं, आणि हे परदेशात, आई नाही, सासू नाही, अशा घरात. पैसे त्याचे दिले असं आता वाटतं.

इथे पुढे काय झालं ते चकलीच्या नणंदेला जरूर सांगा. दोन आठवड्यांच्या बाळाला घोट्यांना धरून उलटं टांगल्याचा एका कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ पसरला आणि गदारोळ झाला. मार्च २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या कण्यावर हे उपचार करायला मनाई केली. व्हिक्टोरिया सरकारने तपासणी करवली, तिच्यात गंभीर इजा झाल्याचे पुरावे फारसे सापडले नाहीत, पण गुण येतो याचाही सबळ पुरावा सापडला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंडळाने मनाई गुपचूप उठवली, तेव्हा आरोग्यमंत्री खवळले, आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा लागू झाली. म्हणजे नणंदबाई जे पुण्यात शोधायला सांगताहेत, ते त्यांच्या गावातले लोक आता करू शकत नाहीत.

सांधेजोड | मंगळवार, दुपारी १:१०

नागपूरला लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे हातांवरच पोट. म्हणून जरा सविस्तर.

हातांचा उपयोग होतो अशी बाळं माझ्याकडे येतात. मान एकीकडे वाकडी ठेवणारी, एकाच कुशीवर झोपून डोकं चपटं झालेली, जन्मताना खांद्याची नस ताणली गेलेली. तिथे काय बिघडलं आहे ते तपासून दाखवता येतं आणि सुधारलं तेही मोजता येतं. कॉलिकच्या बाळात मला मणका सरकलेला दिसत नाही, कारण तो सरकलेला नसतो. कायरोप्रॅक्टिकचा हा मणक्याचा सिद्धान्त १८९५ सालचा, अमेरिकेतल्या आयोवातला. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं म्हणे, तिथून सगळी सुरुवात. कानाची नस मानेतून जातच नाही, पण ते असो.

मालिशीचं वेगळं. सायनच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा २००५ चा अभ्यास आहे, त्यात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं. रडण्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही. रडण्यावर फिनलंडमध्ये २००० साली काम झालं. काही बाळांना आईने मालिश करायची, काहींच्या पाळण्याला थरथरणारं यंत्र लावलं. मालिशवाल्यांचं रडणं ४८ टक्क्यांनी कमी, यंत्रवाल्यांचं ४७ टक्क्यांनी. आंबट_गोड यांचा मिक्सर काही वेगळं करत नव्हता.

तरी मी मालिश करा म्हणेन, कारण आईचे हात रिकामे राहत नाहीत. खोबरेल तेल घ्या, मोहरीचं कोवळ्या कातडीला झोंबतं. दूध पाजून निदान पाऊण तास झालेला असावा. बाळाच्या पोटाच्या उजव्या बाजूला खालून वर, मग बरगड्यांच्या खाली आडवं डावीकडे, मग खाली. आतडं त्याच दिशेने जातं. दाब किती, तर डोळे मिटून पापणीवर बोट फिरवल्यावर त्रास होत नाही तेवढा. गुडघे पोटाशी आणून हळूच सोडायचे. रडण्याच्या वेळी काही करू नका, सकाळी करा. आजोळ यांच्या बाई चहा प्यायला जायच्या ना, त्या माझ्या कॉलेजात शिकवायला हव्या होत्या.

स्टेथोस्कोप | मंगळवार, रात्री १०:४०

सांगलीत बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडी संपवून लिहितोय. वरचे बरेच प्रतिसाद चांगले आहेत.

"काही करायचं नाही" असं आम्ही म्हणतो ते चुकतं आमचं. आम्हाला म्हणायचं असतं की औषध द्यायचं नाही. एका बाळामागे पाच मिनिटं मिळतात, त्यात एवढंच तोंडातून निघतं.

१९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी ठोकताळा दिला: दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणं. आता तास मोजत बसत नाहीत. बाळ पाच महिन्यांच्या आतलं असावं, वजन वाढतं असावं, ताप नसावा, आजार नसावा आणि समजूत घालूनही रडणं थांबत नसावं. २०१७ मध्ये बऱ्याच देशांतल्या ८,६९० बाळांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. पहिल्या सहा आठवड्यांत धडधाकट बाळंही दिवसाला दोन तासांच्या आसपास रडतात, दहा-बारा आठवड्यांची झाली की तासाभरावर येतात. पोट दुखतं म्हणूनच रडतात असंही सिद्ध झालेलं नाही. पाय पोटाशी सगळीच बाळं घेतात, कुठल्याही कारणाने रडली तरी. आणि वायूचं म्हणाल तर रडताना हवा गिळली जाते, म्हणून पोट गच्च होतं. आधी रडणं, मग वायू.

वाटी नावाची वस्तू पोटात नाही, त्यामुळे ती सरकतही नाही. बेंबीमागे धडधड लागते ती महाधमनीची, बारीक माणसाला ती हाताला सहज लागते.

पण चकली, मला काळजी वेगळी वाटते. वाटी किंवा मणका म्हणत बसल्यामुळे खरं काही असेल ते हातचं जातं. हिरवी उलटी झाली, तर रात्री दोन वाजताही निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप. शी मध्ये रक्त. कारंज्यासारखी उडणारी उलटी, तीही प्रत्येक पाजण्यानंतर. जांघेत घट्ट गाठ. टाळू फुगलेली. दूध ओढायचं सोडून दिलेलं मूल, रडण्याचा आवाज एकदम बदललेलं मूल, किंवा गळाठलेलं मूल. आणि एक गोष्ट कुणीही बघत नाही: पायाची बोटं. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, त्यातला एखादा मोज्यात किंवा दुपट्यात जाऊन बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ कळवळून रडतं. सगळं घर वायू वायू करत असतं आणि दुखणं असतं अंगठ्याला.

औषधं: घरात कुणाच्या चिठ्ठीवरून आणलेले पोटदुखीचे थेंब असतील तर बाटली वाचा. डायसायक्लोमिन असेल तर फेकून द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते द्यायचंच नाही, श्वास अडकल्याच्या आणि झटके आल्याच्या घटना आहेत. सिमेथिकोन (वायूवरचे थेंब) देऊन काही बिघडत नाही, पण चाचण्यांत त्याने नुसत्या खोट्या थेंबांपेक्षा जास्त काही केलं नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांना एका विशिष्ट प्रोबायोटिकने थोडा फायदा दिसतो, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. गुटीची सहाण सध्या माळ्यावर राहू द्या. मुरडशेंग पिळदार असते म्हणून ती पोटातला पीळ सोडवते, असं तर्कट आहे, आणि वेखंडाचं प्रमाण चुकलं की उलट्या ठरलेल्या.

चकली | बुधवार, पहाटे ४:०८

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि टॉर्च घेऊन दहा बोटं तपासली. केस नव्हता. पण थेंबांची बाटली सापडली, भाच्याच्या वेळची, जावेने दिलेली. त्यावर तेच नाव. सासूबाईंनी स्वतः सिंकमध्ये ओतली. (वाटीबद्दल मात्र "डॉक्टरांना काय कळतं" कायम आहे.)

एक विचारायचं राहिलं. मालिशवाल्या मावशी बाळाची छाती पिळतात, दूध काढायला हवं म्हणतात. नाकाचं हाड वर ओढतात, नाकात तेलाचे दोन थेंब सोडतात. हे बंद करू ना?

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ७:१५

आजच. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो मुलगी असो, छातीला थोडी सूज असते, आपोआप जाते. पिळली की पिकते. गळू कापायची वेळ आलेली बाळं मी पाहिली आहेत. नाकातलं तेल फुप्फुसात जातं आणि तिथला न्यूमोनिया फार चिवट असतो. बाकी मालिश चालू ठेवा की, मावशींचं कामही जायला नको.

मेळघाटची_वाट | बुधवार, दुपारी ३:३३

आरोग्य खात्यात आहे, चिखलदरा तालुक्यात बरीच वर्षं काढली. लिहू की नको असं झालं होतं, पण वाटी, वायू, कुणाकडे तरी नेणं हे सगळं वाचल्यावर राहवलं नाही.

आमच्याकडे बाळाचं पोट फुगलं, ते रडायला लागलं, की काही घरांत भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे नेतात. विळा तापवून पोटावर चटके देतात. डंभा म्हणतात त्याला. वीस-बावीस दिवसांच्या जिवाच्या पोटावर मी स्वतः रांगेने डाग मोजले आहेत. चटका दिल्यावर मूल एकदम गप्प होतं. घरच्यांना वाटतं, गुण आला. ते गप्प होतं ते धक्क्याने.

आईबाप क्रूर नसतात हो. दवाखाना वीस किलोमीटरवर, पावसाळ्यात नाला वाहतो, आणि मूल रात्रभर रडतंय. समोर एकच माणूस असतो, जो म्हणतो "मी काहीतरी करतो". मेलबर्नच्या ताईंनी पाऊण तास ऐकून घेतल्याचे पैसे दिले म्हणून लिहिलंय, ते वाचताना मला आमचे भुमका आठवले. आम्ही आता त्यांच्याशी भांडत नाही. त्यांनाच सांगतो, मूल पहिल्यांदा तुमच्याकडे आलं तर आशाताईला निरोप द्या. काही देतात.

आजोळ | बुधवार, संध्याकाळी ६:०२

हे वाचून बसूनच राहिले. हे मेळघाटातच होतं असं कुणी समजू नका. माझ्या धाकट्या दिरांच्या पोटावर बिब्ब्याचे डाग होते, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. सासूबाई अभिमानाने सांगायच्या, याला असा वाचवला. घर सुशिक्षित, मामंजी शाळामास्तर.

पुरावा_द्या | बुधवार, रात्री ८:४०

मेळघाटची_वाट, प्रतिसाद जपून ठेवतोय.

थोडं अवांतर. "बाळाच्या रडण्यावर उपाय" या दाव्यावरून इंग्लंडचा कायदा बदलायला हातभार लागला आहे. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये गार्डियनमध्ये लिहिलं की कॉलिक, दमा वगैरेंवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो याला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दोन वर्षं खटला रेंगाळला, एप्रिल २०१० मध्ये संघटनेने माघार घेतली, आणि त्यातून उठलेल्या चळवळीनंतर २०१३ चा नवा कायदा आला. आईवडील पंजाबमधून तिकडे गेलेले, म्हणजे माणूस जवळपास आपलाच.

आंबट_गोड | बुधवार, रात्री ८:५५

धागा पार भरकटण्याआधी कुणीतरी चकलीची विचारपूस करा. रात्रीचे नऊ वाजताहेत, तिकडे मैफल रंगात आली असेल.

चकली | गुरुवार, रात्री २:१९

आज साडेसात ते सव्वाबारा. नवरा ऑफिसच्या कामाने नाशिकला. सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून त्या गोळी घेऊन झोपल्या. एका क्षणी मी तिला दोन्ही हातांनी समोर धरलं आणि माझे हात आवळले जाताहेत हे मलाच जाणवलं. तिला पाळण्यात टाकलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मी चांगली आई नाही.

यारा_काठची | गुरुवार, रात्री २:२६

इकडे सकाळ झाली आहे, मी जागी आहे. तुला इथेच निरोप पाठवलाय, फोन नंबर दिलाय, लाव.

तू अगदी बरोबर केलंस. इथे घरी येणारी नर्स पहिल्याच भेटीत हे शिकवते: हात आवळायला लागले की बाळ पाठीवर पाळण्यात ठेव, दार लोटून घे, दहा मिनिटं लांब जा. रडण्याने बाळाला काही होत नाही, गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. मला वाटलं होतं तिने मला ओळखलं म्हणून सांगितलं. ती प्रत्येक आईला सांगते.

स्टेथोस्कोप | गुरुवार, सकाळी ६:५०

यारा_काठची यांना अनुमोदन, शब्दाशब्दाला. आणि चकली, हे तुमच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी बाळाच्या आधी सांगा. रडू येणं, झोप न लागणं, मनात नको ते येणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

घरात निदान एक संध्याकाळ-पाळी लावा. तुम्ही साडेसहा ते आठ घराबाहेर.

कडबोळं | शुक्रवार, रात्री ११:१५

नमस्कार. मी चकलीचा "हो हो" म्हणणारा नवरा. खातं आजच काढलं. धागा नाशिकहून येताना बसमध्ये पूर्ण वाचला. बायकोने जे मला सांगितलं नाही ते इथे लिहिलं, यात काय ते समजलो.

आजपासून साडेसहा ते साडेआठ लेक माझ्याकडे. एका मित्राने जपानमधल्या रिकेन संस्थेचा २०२२ चा अभ्यास पाठवला: रडणारं बाळ कडेवर घेऊन पाच मिनिटं न थांबता चालायचं, झोपलं की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मगच ठेवायचं. आज पार्किंगमध्ये चौदा फेऱ्या मारल्या. वॉचमन काकांनी तीन सल्ले दिले. ती झोपली नाही, पण रडणं थोडं खालच्या पट्टीत आलं.

सांधेजोड | शनिवार, सकाळी १०:०५

तिला तुमच्या पालथ्या हातावर उपडं घेऊन बघा, डोकं कोपरापाशी, पाय हाताच्या दोन्ही बाजूंना सोडलेले, फांदीवर बिबट्या पडतो तसं. दुसरा हात पाठीवर. झोप लागली की मात्र पाठीवरच ठेवायचं.

जास्त वेळ कडेवर घेतल्याने साध्या रडक्या बाळांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचं कॅनडातल्या १९८६ च्या चाचणीत दिसलं होतं. पक्क्या कॉलिकवाल्यांत नंतर तो फरक दिसला नाही. पण तुमच्या फेऱ्या वाया नाहीत. बायको तेवढ्या वेळात जेवते ना?

चकली | (अडीच आठवड्यांनी) रविवार, दुपारी ४:३०

लेक साडेसात आठवड्यांची झाली. गेला आठवडा सगळ्यात वाईट गेला, घाटमाथा तो हाच बहुधा.

आता खरी बातमी. वाईच्या मावशी भाच्याच्या साखरपुड्याला पुण्यात आल्या होत्या, सासूबाई त्यांना घरी घेऊनच आल्या. मला सांगितलं ते त्या जिना चढत असताना. मी दारातच म्हटलं, "मावशी, बेंबीला हात लावायचा नाही." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. मावशी हसल्या. म्हणाल्या, "अगं, एवढ्या लहानाची मी बसवत न्हाई. हिच्या सासूला मी फोनवर सांगितलं हुतं, तिला ऐकू आलं न्हाई वाटतं."

हात धुतले, चोळून गरम केले. पाय पसरून बसल्या, लेकीला मांडीवर उपडं घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. दाबला नाही, फिरवला नाही, नुसता ठेवला. वीस-बावीस मिनिटं तशाच बसून होत्या, सासूबाईंशी कुणाच्या तरी जमिनीच्या वाटणीबद्दल बोलत. सव्वासात वाजता, ऐन रडण्याच्या वेळी, लेक झोपली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं!

दुसऱ्या दिवशी अर्थातच पुन्हा साडेसहा ते साडेनऊ.

पुरावा_द्या, बोला आता.

पुरावा_द्या | रविवार, संध्याकाळी ५:१०

४० पैकी २४.

मेळघाटची_वाट | रविवार, संध्याकाळी ५:४५

मावशींना आमच्याकडे चार दिवस पाठवा. जेवणखाण, राहणं आमच्याकडे.

चकली | (आणखी पाच आठवड्यांनी) सोमवार, रात्री ९:४०

साडेबारा आठवडे. गेल्या गुरुवारी साडेसात वाजता कडबोळं तिला घेऊन पार्किंगमध्ये निघाला आणि दारातच थांबला, कारण ती रडत नव्हती. आता संध्याकाळी अर्धा तास किरकिर, कधी तेवढीही नाही. पंख्याकडे बघून हसते. वजन ५ किलो ४००.

सासूबाई मालिश स्वतः करायला लागल्या आहेत, उजवीकडून वर, मग आडवं, मग खाली. सांधेजोड, तुमचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता, पापणीवर बोट फिरवूनही बघितलं त्यांनी. गुणाचं श्रेय मात्र वाईच्या मावशींचं, त्यात तडजोड नाही. पुढच्या महिन्यात बारशाच्या राहिलेल्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं आहे. मावशींना साडी द्यावी की पैसे?

आजोळ | सोमवार, रात्री ९:५२

दोन्ही. आणि साडी सुती घे, त्यांना मांडीवर मुलं घेऊन बसायचं असतं.